लीलाधरभाऊ गाडी स्वतःच दुरुस्त करतात

असोद्याच्या लीलाधर महाजनांनी चैत्रातल्या एका सकाळी धुळ्याच्या बायपासवर एक छोटासा निर्णय घेतला. ट्रकचा डिझेल फिल्टर आपणच बदलायचा. आता यात सांगण्यासारखं काय आहे, असं कोणीही म्हणेल. फिल्टर म्हणजे तांब्याएवढा डबा. जुना फिरवून काढायचा, नवा फिरवून बसवायचा. कोणालाही जमेल. (लीलाधरभाऊ सोडून. पण हे तेव्हा लीलाधरभाऊंना माहीत नव्हतं.)

लीलाधरभाऊ हे एका सहाटायरी ट्रकचे चालक, क्लीनर आणि स्वतःच्या मते इंजिनिअर. कधी केळी, कधी कापसाच्या गठाणी, कधी कारखान्यांचा माल, असं जे मिळेल ते ते भरत. बावीस वर्षांत त्यांची गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा उंबरठा चढली नव्हती. "कंपनीवाले एक बोल्ट खोलतात आणि बिल असं देतात, जणू गाडी आपण आजच घेतली," असं ते पारावर सांगायचे. ऐकणारे माना डोलवायचे. काही जण जरा जास्तच डोलवायचे, पण भाऊंना त्यात आदरच दिसायचा.

रविवार हा दुरुस्तीचा दिवस. भाऊ गोणपाट टाकून गाडीखाली शिरायचे आणि त्यांची बायको नूतन परात घेऊन बाहेर बसायची. निघालेला प्रत्येक बोल्ट ती परातीत ओळीनं मांडायची. चावी फिरवायची वेळ आली की साडीचा पदर खोचून केबिनमध्ये चढायची. काम आटोपल्यावर परातीत एखादा बोल्ट उरलेला असायचाच.

"अहो, हा कुठला?"

"तो जास्तीचा आहे. कंपनी दोन-चार जास्तच देते."

नूतन बरं म्हणायची आणि तो बोल्ट पदराच्या टोकाला बांधून ठेवायची. मग भाऊ आंघोळ करायचे, जेवायचे आणि ज्यानं एखादा पूल बांधलाय अशा माणसासारखे दोन तास झोपायचे.

ती नूतन मागच्या चैत्रात गेली. चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. परात स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथी पडून राहिली. भाऊ रविवारी गाडीखाली जायचे, पण उरलेला बोल्ट आता ते स्वतःच खिशात टाकायचे आणि हा कुठला असं विचारायला कोणी नसायचं.

त्या वर्षभरात गाडी म्हातारी झाली. कधी धूर ओकायची, कधी चढावर दम टाकायची. पुण्याला नोकरी करणारा मुलगा तेजस फोनवर एकच पालुपद लावायचा, "पप्पा, एकदा कंपनीत दाखवा, नाहीतर विकून टाका आणि इकडे या." पुण्यात तिसऱ्या मजल्यावर बसून लिफ्टचा आवाज ऐकायचा, ही कल्पना आली की भाऊ फोन ठेवून द्यायचे.

दुसऱ्या दिवशी नूतनचं वर्षश्राद्ध होतं. तेजस आणि सून ज्योती रात्रीपर्यंत पोचणार होते. भाऊंना नरडाण्याच्या एमआयडीसीत माल उतरवायचा होता आणि नरडाण्यातच त्यांच्या सासूबाई राहत होत्या, म्हणून येताना त्यांना सोबत आणायचं ठरलं. धुरपदाबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. कारमध्ये त्यांना मळमळायचं, बसमध्ये जीव घाबरायचा. ट्रकमध्ये मात्र त्या हत्तीवर बसल्यासारख्या बसायच्या. त्या दिवशीही बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत लेकीच्या आवडीचे नागलीचे पापड. ते पापड आता कोण खाणार, हे दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

धुळं जवळ आलं आणि गाडीनं दोन आचके दिले.

"जवाईबापू, गाडी काब्र खोकी राह्यनी?"

"काही नाही अक्का. फिल्टर चोंदलाय."

तेवढ्यात तेजसचा फोन आला. त्यानं इंजिनाचा आवाज पुण्यातून ऐकला आणि म्हणाला, "पप्पा, तुम्ही आत्ता धुळ्यात आहात ना? बायपासलाच कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे. तुम्हाला आईची शपथ, एकदा आत न्या."

शपथ जिची घातली ती नसली की मोडताही येत नाही. भाऊंनी बावीस वर्षांचा नेम मोडला आणि गाडी आत घातली.

आत फरशी अशी होती की भाऊंनी चपला काढल्या. (मग गार लागलं म्हणून परत घातल्या.) भूषण नावाचा एक टापटीप मुलगा हातात टॅब घेऊन आला. त्यानं गाडीचा नंबर टाकला, पडद्याकडं पाहून हसला आणि म्हणाला, "गाडी नूतन मॅडमच्या नावावर आहे. मॅडम आल्यात का?"

गाडी घेताना भाऊंनीच हट्टानं तिच्या नावावर घेतली होती. नंतर कागद बदलायचे राहिले. राहिले म्हणजे, भाऊंनी राहू दिले.

"नाही आली," भाऊ म्हणाले.

"हरकत नाही. त्यांची सही लागेल फक्त. गाडी दोन दिवस ठेवावी लागेल, पूर्ण चेकअप करू. मॅडम कधी येऊ शकतील? उद्या? परवा?"

भाऊंनी तोंड उघडलं. उत्तर दोन शब्दांचं होतं. वर्षभरात ते त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीतच होतं आणि परगावच्या लोकांना सांगायचं काम तेजसनं केलं होतं. भाऊंनी तोंड मिटलं.

"फिल्टर तर बदलायचाय," ते म्हणाले, "मीच बदलतो." आणि ते निघाले.

नंतर लोकांना त्यांनी सांगितलं, की उद्या कार्य असताना दोन दिवस गाडी कशी ठेवणार! ते खरंच होतं. पण ते काही निघण्याचं कारण नव्हतं.

स्पेअर पार्टच्या दुकानातून त्यांनी नवा फिल्टर घेतला आणि गाडी लावली ती नेमकी सर्व्हिस सेंटरच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडच्या निंबाखाली. कंपनीवाल्यांना दिसू दे म्हणून. फाटकावरचा वॉचमन खुर्ची वळवून बसला. फुकटचा खेळ कोण सोडतो?

भाऊंनी जुना फिल्टर काढला. डिझेल कोपरापर्यंत ओघळलं. नवा फिल्टर हातानं गच्च आवळला. आता उरलं होतं एअर काढणं. फिल्टर बदलला की डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते. ती बाहेर काढल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. त्यासाठी एकानं खाली उभं राहून बारका पंप हातानं दाबायचा आणि दुसऱ्यानं वर बसून चावी फिरवायची. दोन माणसांचं काम.

भाऊंनी आधी एकट्यानं करून पाहिलं. पंप दाबला, धावत जाऊन केबिनमध्ये चढले, चावी फिरवली, उतरले, पुन्हा पंप दाबला. असे सहा फेरे झाले. वॉचमननं पाण्याची बाटली पुढं केली. शेवटी भाऊ धापा टाकत म्हणाले, "अक्का, तुम्ही जरा ड्रायव्हरच्या सीटवर सरका."

धुरपदाबाई सरकल्या. त्यांनी पदर खोचला. भाऊंनी तिकडं बघायचं टाळलं.

"मी सांगितलं की सेल्फ मारा."

"कोणले मारू?"

"कोणाला नाही. सेल्फ! चावी!"

"चावीले मारू?"

"चावी फिरवायची, अक्का! फिरवा!"

त्यांनी फिरवली. गाडी गुरगुरली. भाऊ खालून ओरडले, "बस! बस!"

"बठेलच शे ना मी!" वरून उत्तर आलं. चावी फिरतच राहिली.

"बस म्हणजे थांबा!"

"मग थांब म्हना ना, जवाईबापू."

असं बराच वेळ चाललं. तोवर फाटकापाशी वॉचमनच्या जोडीला आतले चार जण येऊन उभे राहिले होते, त्यात भूषणही होता. शेवटी धूर ओकत गाडी सुरू झाली आणि रस्त्यापलीकडून टाळ्या वाजल्या. भाऊंनी त्या स्वतःच्या समजून हात वर केला. (टाळ्या धुरपदाबाईंसाठी होत्या. त्यांनीही हात वर केला होता.)

पारोळ्यापर्यंत गाडी छान चालली. भाऊंनी तेजसला फोन करून सांगून टाकलं, "कंपनीनं दोन दिवस मागितले होते, मी तासात केलं." एरंडोल आठ-दहा किलोमीटरवर राहिलं असेल, तेव्हा गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन गप्प झाली.

दुपारचा एक वाजला होता. बेचाळीस अंशांचं ऊन. भाऊंनी पंप दाबला, सासूबाईंनी चावी मारली. पुन्हा दाबला, पुन्हा मारली. एअरच्या बोल्टातून नुसता फेस येत राहिला. चावीचा आवाज हळूहळू बसत गेला आणि मग बॅटरीनंही मान टाकली.

धुरपदाबाई उतरून बाभळीच्या विरळ सावलीत बसल्या. "आते?" त्यांनी विचारलं.

भाऊंनी मानहानी गिळली आणि तेजसनं मोबाइलमध्ये भरून दिलेला कंपनीचा हेल्पलाइन नंबर लावला. आधी मराठीसाठी दोन दाबा, मग ट्रकसाठी एक दाबा, मग थोडं संगीत, मग एक गोड आवाज.

"सर, आपली कशी मदत करू शकते?"

"गाडी बंद पडलीय. एरंडोलच्या अलीकडे."

"सर, आमच्या रेकॉर्डनुसार गाडीच्या मालक नूतन मॅडम आहेत. कृपया मॅडमना फोन द्याल का?"

भाऊंनी रस्त्याकडं पाहिलं. एक केळीची गाडी निघून गेली. मग एक टँकर गेला.

"सर? आपण लाइनवर आहात का? मॅडमशी बोलणं होईल का?"

"ती वारली," लीलाधरभाऊ म्हणाले. "उद्या वर्ष होतंय."

झाडाखाली धुरपदाबाईंनी मान वर केली. वर्षभरात जावयाच्या तोंडून त्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं.

पलीकडच्या बिचाऱ्या मुलीच्या कागदावर याचं उत्तर लिहिलेलं नसावं. मग तिनं जे लिहिलेलं होतं तेच वाचलं. "सर, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." आणि लगेच, अगदी हळू, कागदावर नसलेलं बोलली, "खरंच वाईट वाटलं काका." मग पुन्हा कंपनीच्या आवाजात, "तक्रार नोंदवायला मॅडमच्या मोबाइलवर चार आकडी ओटीपी पाठवलाय, तो सांगाल का?"

आणि केबिनमध्ये, डॅशबोर्डच्या खणात, टुंग करून वाजलं.

"नूतनना फोन!" धुरपदाबाई दचकून उभ्या राहिल्या.

नूतनचा जुना बटणांचा फोन भाऊ वर्षभर गाडीत ठेवत होते आणि दर महिन्याला त्यात रिचार्ज मारत होते. तेजसला सांगितलं होतं, बँकेचे मेसेज येतात. बँकेचे मेसेज येत नव्हते. कर्ज हवंय का, प्लॉट हवाय का, असे फोन यायचे. भाऊ ते उचलायचे नाहीत, नुसते वाजू द्यायचे. नूतनला अजून कोणीतरी हाक मारतंय, असं वाटायचं त्यांना.

फोन त्यांनी आजवर उघडला मात्र नव्हता. आज उघडला. घामेजल्या बोटांनी मेसेजऐवजी भलतंच बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर उघडली ती तिनं लावलेल्या नंबरांची यादी. वीस नावं. तेजस, आई, तेजस, सुपडू मिस्तरी. सुपडू मिस्तरी. आई. सुपडू मिस्तरी.

भाऊंनी मोजले. विसात अकरा वेळा सुपडू.

सुपडू मिस्तरीचं गॅरेज असोद्याच्या फाट्यावर. भाऊंनी जन्मात त्याच्याकडं गाडी नेली नव्हती. (मिस्तरीकडं कोण जातं? ज्याला येत नाही तो.) मग नूतनचं त्याच्याकडं काय काम? तारखा पाहिल्या. रविवार. रविवार. रविवार. वेळ दुपारी दोन, सव्वादोन. भाऊ जेवून झोपायचे ती वेळ.

एखाद्या माणसाच्या डोक्यात काय काय येतं, त्याला काही धरबंध नसतो. बायको जाऊन वर्ष झालेलं, उद्या तिचं श्राद्ध, समोर सासू, मागे बंद गाडी, आणि लीलाधरभाऊंच्या मनात अठ्ठावन्नाव्या वर्षी संशय शिरला. पुढचे दोन दात पडलेला, ग्रीस पुसायच्या फडक्यानंच घाम पुसणारा सुपडू! हेल्पलाइनची मुलगी कानाशी "सर, ओटीपी, सर" करत होती. भाऊंनी आपला फोन बंद केला.

"अक्का," ते म्हणाले, "नूतन सुपडू मिस्तरीला फोन का करायची?"

धुरपदाबाईंनी जावयाच्या तोंडाकडं पाहिलं. त्या तोंडावर जे लिहिलं होतं ते वाचायला शाळेत जावं लागत नव्हतं. त्या आधी हसल्या. इतक्या हसल्या की बाभळीला धरावं लागलं. मग हसता हसताच डोळ्यांना पदर लावला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

"तुम्हले खरंच माहीत नही?"

"काय?"

"माले ती बठ्ठं सांगे. रविवारले तुम्ही गाडी खोलेत. जेवीसन झोपेत. मग ती सुपडूले फोन करे, आज हाई खोलेल शे, हाऊ बोल्ट उरेल शे. सुपडू मांगना दारथीन ये, बठ्ठं नीट करी जाये. तुम्ही उठाना पह्यले."

भाऊंचा हात खिशातल्या उरलेल्या बोल्टावर गेला.

"कितीदा?" त्यांनी विचारलं.

"बठ्ठ्या येळा."

सगळ्या वेळा. बावीस वर्षं. क्लच, ब्रेक, वॉटर पंप, ज्या डायनॅमोची गोष्ट ते पारावर दहा वेळा सांगत तो डायनॅमो. भाऊ रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. राग यायला हवा होता, तो काही आला नाही. बायको दर रविवारी परात घेऊन उन्हात बसायची, उरलेला बोल्ट पदराला बांधायची आणि ते घोरत असताना मागच्या दारी हळू आवाजात बोलायची, एवढंच दिसत राहिलं. आणि गाडी या एका वर्षात म्हातारी का झाली तेही दिसलं. वर्षभर ते खोलत होते आणि मागून येऊन नीट करणारं कोणी नव्हतं. आणि ते काही फक्त गाडीचंच नव्हतं.

"रडू नका, जवाईबापू," धुरपदाबाई म्हणाल्या, आणि स्वतः रडत राहिल्या.

बऱ्याच वेळानं भाऊंनी नूतनचाच फोन हातात घेतला आणि त्याच यादीतलं नाव दाबलं. त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये सुपडूचा नंबर नव्हताच.

तीन घंट्या झाल्या. फोन उचलला गेला. मागे हातोडीचा आवाज, आणि कामात बुडालेला, सवयीचा सूर, "हां बोला वहिनी, आज काय खोललं भाऊनं?"

मग हातोडी थांबली.

सुपडूनं कानाचा फोन काढून पडद्यावरचं नाव पुन्हा पाहिलं असावं, कारण पुढचा आवाज फार लांबून आल्यासारखा आला. "कोण बोलतंय?"

"मी लीलाधर," भाऊ म्हणाले. "डिझेल फिल्टर खोललाय, सुपडू."

सुपडूनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. "येतो," तो म्हणाला. "आता कशाला हात लावू नका."

तासाभरात तो मोटारसायकलवर आला. मागे दुसरी बॅटरी बांधलेली, गळ्यात तेच फडकं. आधी तो धुरपदाबाईंच्या पाया पडला, मग गाडीकडं गेला. नवा फिल्टर त्यानं फिरवून काढला, वर बोट घालून काहीतरी खरवडलं आणि काळी रबराची रिंग भाऊंच्या तळहातावर ठेवली.

"जुन्या फिल्टरची रिंग वरच चिकटून राहिली होती. त्यावर नव्याची बसली. दोन रिंगांच्या मधून हवा ओढत होती गाडी."

"एवढंच?"

"एवढंच."

"कंपनीत काय केलं असतं?"

"हेच," सुपडू म्हणाला. "फक्त एसीत."

मग त्यानं बॅटरी जोडली, पंपाला हात घातला आणि सवयीनं केबिनकडं पाहिलं. धुरपदाबाई केव्हाच वर चढून बसल्या होत्या. भाऊ पुढं सरसावले, तर सुपडू अगदी नम्रपणे म्हणाला, "भाऊ, तुम्ही जरा सावलीत उभे राहा." आणि बावीस वर्षं गाडी स्वतः दुरुस्त करणारे लीलाधरभाऊ सासूबाईंची पापडांची पिशवी धरून बाभळीखाली उभे राहिले. "मारा!" सुपडू म्हणाला. धुरपदाबाईंनी मारली. दुसऱ्या झटक्यात गाडी सुरू झाली आणि असा स्वच्छ आवाज काढू लागली, की भाऊंना तो ओळखूच आला नाही. वर्षभरात ऐकलाच नव्हता.

सुपडू हात पुसत होता. भाऊंनी विचारलं, "वर्षभर का नाही आलास रे?"

"फोन नाही आला," सुपडू म्हणाला. "गाडी समोरून जायची, आवाज ऐकून जीव तुटायचा. पण आपण होऊन हात लावला असता तर तुम्हाला कळलं असतं. वहिनींना शब्द दिला होता, कळू देणार नाही म्हणून."

भाऊंनी खिशात हात घातला, तसा सुपडू मागं सरकला. "आज राहू द्या," तो म्हणाला, आणि मोटारसायकलला किक मारली.

दुसऱ्या दिवशी कार्य पार पडलं. भिंतीवरच्या फोटोला हार घालताना तेजस रडला, ज्योती रडली. पंगती उठत होत्या. भाऊ शेजारच्या पितांबर आबांजवळ येऊन बसले. आबांचं वय ऐंशीच्या पुढं. भाऊंना त्यांनी लहानाचं मोठं होताना पाहिलेलं. कोणाला तरी सांगितल्याशिवाय भाऊंना घास उतरणार नव्हता. त्यांनी आवाज खाली आणला.

"आबा, एक सांगतो, कोणाला बोलू नका. एवढी वर्षं माझी गाडी मी दुरुस्त करत नव्हतो. नूतन मागच्या दारानं सुपडूला बोलवायची."

आबांनी भाताचा घास कालवला. "मग?"

"मग काय मग? तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, मले काय, बठ्ठ्या असोद्याले माहीत होतं. तुह्या तेजसलेबी."

भाऊंनी पंगतीवरून नजर फिरवली. क्लच, ब्रेक, डायनॅमोच्या गोष्टी ऐकलेले सगळे पारावरचे श्रोते खाली माना घालून जेवत होते.

"आणि कोणीच मला सांगितलं नाही?"

"कसं सांगणार? तिनं एकेकाले शपथ घातली होती," आबा म्हणाले. मग त्यांचा हात ताटातच थांबला आणि ते जरा वेळ फोटोकडं पाहत राहिले. "मी एकदा विचारलं होतं तिले, अवं पोरी, कशाला एवढा खटाटोप? सांगून टाक की त्याले, तुले काही येत नाही म्हणून. तर म्हणे, नाही आबा. गाडी नीट झाली असं वाटलं की हे झोपून उठतात आणि रविवारी संध्याकाळभर घरात गाणं म्हणतात. मले ते ऐकायचं असतं."

लीलाधरभाऊंनी तोंड वळवलं. उपरण्यानं डोळे पुसले, नाक पुसलं, पुन्हा डोळे पुसले. वर्षभरात त्या घरात गाणं झालं नव्हतं, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. मग गळा साफ करून ते म्हणाले,

"म्हणजे आबा, गाणं तरी मी बरं म्हणतो."

पितांबर आबांनी ताटात पाहिलं. मग शेजारच्या माणसाकडं पाहिलं. शेजारच्यानं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"त्याचीबी," आबा म्हणाले, "शपथ घातेल आहे."